पारसची वीज आणि महानचे पाणी

औष्णिक वीजकेंद्र म्हटले की कोळशाच्या वाघिणी, उंच धुराडे आणि राखेचे ढीग डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या केंद्राला लागणारे पाणी मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. अवर्षणाची धास्ती कायम असलेल्या वऱ्हाडात हे विस्मरण परवडणारे नाही.

अकोला जिल्ह्यातील पारस येथे १९६१ साली अवघ्या ३० मेगावॉटचा संच सुरू झाला. ते जुने संच आता बंद झाले असून २००८ व २०१० मध्ये कार्यान्वित झालेले प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच तेथे आहेत. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यासाठी शीतकरण मनोऱ्यांतून पाणी अखंड खेळवावे लागते. कोळशातील निम्म्याहून अधिक उष्णता वीज न होताच बाहेर पडते व जाताना पुष्कळसे पाणी वाफेच्या रूपाने घेऊन जाते. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची कमाल मर्यादा घातली. त्या हिशेबाने दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला ४ कोटी २० लाख लिटर पाणी खर्ची पडू शकते.

इकडे बार्शीटाकळी तालुक्यात महान येथे काटेपूर्णेचे धरण आहे. अकोला शहराची तहान ते भागविते आणि रब्बीच्या आवर्तनासाठी शेतकरीही त्याच साठ्याकडे डोळे लावून बसतो. पाऊस ओढ देतो तेव्हा पिण्याचे पाणी प्रथम राखले जाते. ते न्याय्यच होय. परंतु कात्री लागते ती सिंचनाला. शहराने वापरलेल्या पाण्याची वाट मात्र मोर्णेच्या पात्राकडे जाते.

वस्तुतः या कोड्याची उकल तेथेच आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे, असे बंधन २०१६ च्या वीजदर धोरणाने घातले आहे. पारस अकोल्यापासून याहून पुष्कळ जवळ आहे. नागपूरचे असे पाणी कोराडीच्या केंद्रास पुरविण्यात आले आहे. याचा खर्च वीजदरात धरण्याची मुभा असल्याने त्याचा भार ग्राहकांवर पडेल, हे खरे. तथापि दुष्काळी वर्षात तोच भार एकट्या शेतकऱ्याच्या वाळलेल्या हरभऱ्यावर टाकणे अधिक अन्यायाचे ठरते.

म्हणून जिल्ह्यातील धरणांचे, शहराचे आणि वीजकेंद्राचे पाणी एकाच ताळेबंदात मांडून तो दरवर्षी जनतेसमोर ठेवला पाहिजे. वीज हवी, यात वाद नाही. ती कोणाच्या पाण्यावर, एवढे विचारण्याचा अधिकार बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याला आहे.