कोआलाचा विषाणू : एक नाव, अनेक रूपे

ऑस्ट्रेलियातील कोआला हा निलगिरीच्या पानांवर जगणारा शिशुधान प्राणी होय. २०२२ साली क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स व राजधानीचा प्रदेश येथील कोआलांची गणना तेथील केंद्र सरकारने संकटग्रस्त प्राण्यांत केली. जंगलतोड आणि वणव्यांबरोबर रोगांनीही हा प्राणी ग्रासला आहे; त्या रोगांत एका रेट्रोव्हायरसचा हात आहे. परंतु ‘विषाणू आहे की नाही’ एवढ्याच चौकशीवर कोआलांच्या रक्षणाचे निर्णय घेणे योग्य ठरणार नाही.

रेट्रोव्हायरस पेशीत शिरला म्हणजे त्याच्या आरएनएची डीएनए-प्रत तयार होऊन पेशीच्या डीएनएत कायमची जोडली जाते. ती जननपेशीत जोडली गेल्यास संततीला वारशाने मिळते. मानवाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग अशाच प्राचीन विषाणूंचा अवशेष आहे. कोआलात मात्र ही घटना आजही चालू आहे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

या विषाणूची उपरूपे त्याच्या आवरणावरील प्रथिनातील फरकांवरून ओळखतात. ‘ए’ उपरूप वारशाने उतरते. पेशीत शिरताना ते फॉस्फेट वाहणाऱ्या प्रथिनाचा आश्रय घेते. २०१३ साली वर्णिलेले ‘बी’ उपरूप थायमिन वाहणाऱ्या प्रथिनाच्या द्वारे शिरते. ते संसर्गाने, विशेषतः मातेकडून पिलाला, होते. कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला आहे. क्वीन्सलँडमधील सर्व कोआलांत हा विषाणू वारशाने आलेला आहे. व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलियातील अनेक कोआलांत मात्र त्याचे केवळ तुटक अवशेष सापडतात. साहजिकच, विषाणूचा कोणता भाग तपासला यावर परीक्षेचे उत्तर अवलंबून राहते.

दक्षिणेतील बहुतेक कोआला बेटांवर राखलेल्या थोड्या प्राण्यांचे वंशज असल्याने त्यांची आनुवंशिक विविधता तोकडी आहे. उत्तरेतील प्राणी आणून ती वाढवावी, हा विचार म्हणूनच आकर्षक वाटतो. पण त्यांच्याबरोबर विषाणूही येणार. उलट, विषाणूच्या धास्तीने सर्वच स्थलांतर निषिद्ध ठरविल्यास दक्षिणेतील दुर्बलता तशीच राहील. तेव्हा प्राणी हलविण्यापूर्वी त्याच्यात कोणते उपरूप आहे, त्याचे प्रमाण किती, आणि ते वारशाने आले की संसर्गाने, हे तपासणे आवश्यक आहे. अशी परीक्षा खर्चाची व वेळखाऊ असेल. तथापि स्थलांतरित प्राणी परत नेता येतो, वंशात शिरलेला विषाणू परत नेता येत नाही.