वसतिगृह हेच ज्यांचं घर

मी एम.ए.ला असताना आमच्या वसतिगृहात एक मुलगा होता. माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर, शिष्यवृत्तीवर शिकणारा, मराठवाड्यातून परराज्यातल्या विद्यापीठात आलेला. त्याचं एका मुलाशी झालेलं बोलणं खोलीतल्या दुसऱ्याने त्याच्या मोबाइलमध्ये वाचलं आणि मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. आठवड्याभरात मेसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेनासं झालं. तो तक्रार घेऊन समान संधी कक्षात गेला. तिथे सांगितलं, हा जातीचा विषय नाही. रॅगिंगविरोधी समितीने विचारलं, कुणी मारलं का? आणि वॉर्डनने ‘काळजीपोटी’ त्याच्या वडिलांना फोन केला. वडील आले आणि त्याला घेऊन गेले. एम.ए. अर्धंच राहिलं.

तो माझ्याकडेही आला होता. मी तेव्हा आमच्या अभ्यास मंडळाचा सचिव होतो. दर १७ जानेवारीला रोहित वेमुलाच्या स्मृतिदिनाचे पोस्टर लावण्यात पुढे असायचो. त्याने विचारलं, “दादा, मंडळातर्फे एक निवेदन देता येईल का?” मी म्हणालो, “आधीच आपल्याला लोक कमी बोलतात का? हा विषय आत्ता नको.” आजचं हे लिखाण त्या ‘आत्ता नको’बद्दल आहे.

आपल्या चळवळीत एक समज आहे की समलैंगिक, ट्रान्स वगैरे विषय म्हणजे शहरी, सवर्ण, इंग्रजी बोलणाऱ्यांची चैन. शहरी सवर्ण मुलालाही या छळाचा त्रास होतोच. पण खोली सोडावी लागली तर त्याच्याकडे भाड्याचे पैसे असतात, एखादी मावशी असते, ओळखीचा वकील असतो. आपल्या मुलाकडे वसतिगृहाची खाट असते. ती गेली की हजेरी जाते, हजेरीबरोबर शिष्यवृत्ती आणि शिष्यवृत्तीबरोबर पदवी. त्यात वॉर्डनचा फोन घरी गेला की परतायला घरही उरत नाही. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी चैनीचा नाही. पहिल्या पिढीच्या शिक्षणाचाच तो प्रश्न आहे.

आणि हा विषय आपल्या परंपरेबाहेरचाही नाही. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. खटला हरला, पण समाज ज्याला घाण म्हणतो त्याची बाजू मांडायला बाबासाहेब कचरले नाहीत. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कक्षेतून सज्ञानांमधले संमतीचे संबंध वगळले, तेव्हाही आधार घेतला तो बाबासाहेबांच्या संवैधानिक नैतिकतेच्या विचाराचा. बहुसंख्यांना काय आवडतं यावर कुणाचे हक्क ठरत नाहीत, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

मग कायदा आहे कुठे? यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. जात, धर्म, भाषा, आर्थिक स्थिती यांच्या जोडीला ट्रान्स ओळख आणि लैंगिक कल ही कारणंही त्यात स्पष्ट लिहिली. मारहाणच झाली पाहिजे असंही नाही. मानसिक छळ, दादागिरी आणि वाळीत टाकणं हेही त्यात येतं. म्हणजे “कुणी मारलं का?” हा प्रश्नच नियमाला धरून नव्हता. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५ च्या नियमांतही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याने शिक्षणसंस्थांतल्या भेदभावाला मनाई केली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने समुपदेशकांपासून स्वच्छतागृहांपर्यंत काय बदलायला हवं ते सांगितलं. हे सगळं मला पीएच.डी.ला आल्यावर कळलं. समितीतल्या प्राध्यापकांना ते आधी माहीत असायला हवं होतं.

कागदावरचा नियम आपोआप कुणाला वाचवत नाही, हे आपण जाणतो. समान संधी कक्षाची २०१२ ची नियमावली असूनही रोहित गेला, डॉ. पायल तडवी गेली. ती अंमलात आणा म्हणून त्या दोघांच्या आयांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस आठवा. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरात ते राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. जिथे विभागप्रमुखाची ही गत, तिथे बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाने कुणाच्या भरवशावर तोंड उघडायचं?

दलित ट्रान्स विद्यार्थ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, जातीच्या दाखल्यावर तेच आणि नव्या ओळखपत्रावर दुसरं. नावं जुळली नाहीत की शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. २०२० च्या नियमांत बदलता येणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत जातीचा दाखला आणि शैक्षणिक प्रमाणपत्रं दोन्ही आहेत. पण खिडकीवरचा कारकून ती यादी बघत नाही. आरक्षणाचंही तसंच. २०१४ च्या नालसा निकालाने ट्रान्स व्यक्तींना मागास वर्ग मानून आरक्षण द्यायला सांगितलं. पण त्यांना सरसकट ओबीसीत टाकलं तर दलित ट्रान्स मुलीने अनुसूचित जातीचा हक्क सोडायचा का? म्हणूनच ग्रेस बानू आणि तमिळनाडूतले साथी समांतर आरक्षण मागत आहेत, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत ट्रान्स व्यक्तींसाठी जागा. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असं एक टक्का आरक्षण दिलं. केरळने २०१८ मध्ये महाविद्यालयांत प्रत्येक अभ्यासक्रमाला दोन जादा जागा दिल्या. करायचं ठरवलं तर होतं.

विद्यापीठांकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. तक्रार निवारणाच्या प्रत्येक नियमावलीत लैंगिक कल आणि लिंगओळख ही कारणं नावानिशी लिहा. विद्यार्थी सज्ञान आहे, तेव्हा त्याच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती घरी कळवू नका. कळवणाऱ्यावर कारवाई करा. जात आणि लैंगिकता दोन्हींवरून छळ झाला असेल तर एकाच ठिकाणी तक्रार घ्या, या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवू नका. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने वसतिगृहाचा एक मजला सर्व लिंगओळखींच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवला. बाकीच्यांना काय अडचण आहे?

आणि मागणी आपल्याकडेही आहे. अभ्यास मंडळं, वसतिगृहातल्या बैठका, जयंतीच्या समित्या इथे आपल्याच पोरांना ‘बायल्या’ म्हणणं आधी थांबवू या. कुणी सांगायला आलं तर त्याचं ऐकू या आणि त्याचं नाव आपल्यापाशीच ठेवू या. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक आणि २०१६ च्या दुरुस्तीची प्रत फलकावर लावायला एकच कागद लागतो.

मागच्या वर्षी मी त्या मुलाला फोन केला, माफी मागितली. त्यावर तो फार काही बोलला नाही. त्याने विचारलं, “पुन्हा प्रवेश मिळतो का?” अर्ज आम्ही दोघांनी बसून भरला. शिक्षण खंडित होण्याच्या कारणापुढे त्याने ‘घरगुती अडचण’ लिहिलं. मी ते बदलायला सांगितलं नाही. काय सांगायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. मंडळाचं निवेदन मात्र आम्ही वेगळं दिलं, त्याचं नाव न घेता. त्यात कारण स्पष्ट लिहिलं आहे आणि खाली माझी सही आहे. ती पाच वर्षं उशिरा झाली.