घोड्यावर बसण्याआधी



अमेरिकेहून आल्यावर नातीचा घोड्यावर बसलेला फोटो मी आपल्या ग्रुपवर टाकला. "किती गोड!" असे वीस-पंचवीस निरोप आले. मग एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारलं, "अक्का, तुम्हीसुद्धा? मुक्या जनावराच्या पाठीवर बसणं आपल्यात बसतं का?" त्यावर ग्रुप एकदम गप्प झाला. मीही गप्प राहिले, कारण उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं. ते आज लिहिते आहे.

आमचा मुलगा डेन्व्हरला असतो. तिथून दीड-दोन तासांवर एस्टेस पार्क नावाचं गाव आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसात हजार फुटांवर. रॉकी माउंटन नॅशनल पार्कचं ते एक प्रवेशद्वारच. हे राष्ट्रीय उद्यान 1915 साली झालं. समोर 14,259 फुटांचं लाँग्स पीक उभं असतं आणि गावातल्या रस्त्यांवरून एल्क नावाची भलीमोठी हरणं खुशाल फिरत असतात. उन्हाळ्यात तिथे घोड्यावरून रानवाटांनी फिरवून आणतात. पुढे एक वाटाड्या आणि मागे एकामागोमाग एक घोडे. सूनबाईंनी आम्हा सगळ्यांसाठी दोन तासांच्या फेरीचं बुकिंग केलं होतं.

तबेल्यावर पोचलो तर पहिलं काम वजनाचं. एक विशीतली मुलगी काट्याजवळ उभी होती. कपडे-बुटांसकट 225 पौंडांची मर्यादा, म्हणजे आपले 102 किलो. मी पास झाले. आमचे हे काट्यावर चढले तर 106 भरले! ह्यांनी बूट काढले, जाकीट काढलं, खिशातलं पाकीटसुद्धा माझ्या हातात दिलं. तरी काटा वरच. मग आपली नेहमीची पद्धत: "थोडे पैसे जास्त देतो, एखादा दांडगा घोडा द्या." ती मुलगी हसली, पण मान हलवली नाही. म्हणाली, "सर, आमच्या सगळ्यांत मोठ्या घोड्यासाठीच ही मर्यादा आहे. पैसे परत करते."

ह्यांचा चेहरा पडला. दहा माणसांसमोर नकार ऐकायची सवय नाही ना! मीही ह्यांच्याबरोबर मागे थांबले. मुलगा, सून आणि नात गेले. आम्ही दोघं कुंपणापाशी बाकावर बसून दोन तास तबेला बघत राहिलो. खरं सांगते, फेरी केली असती तर इतकं दिसलं नसतं.

खोगिराखाली जाड गादी घालायच्या आधी एक मुलगा प्रत्येक घोड्याच्या पाठीवरून तळहात फिरवत होता. कुठे जखम, सूज, काडी-काटा नाही ना, हे बघायला. पोटाखालचा पट्टा एकदा आवळला, घोड्याला थोडं चालवलं आणि पुन्हा तपासला, कारण सैल खोगीर सरकलं की पाठ सोलते. माणसांना चढायला लाकडी पायऱ्या होत्या. खालून रिकिबीत पाय घालून लोंबकळलं की सगळा भार घोड्याच्या पाठीवर एका बाजूने येतो, म्हणून. फेरीहून आलेल्या एका घोड्याचं खोगीर काढून त्याला सावलीत बांधलं. मी विचारलं तर म्हणाले, याची आजची पाळी संपली.

मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं ओझं वाहावं, असा तिकडचा ठोकताळा आहे. सहाशे किलोचा धिप्पाड घोडा असेल तर 120 किलो. त्यातून अठरा किलोचं खोगीर वजा केलं की उरतात 102. म्हणजे तो आकडा कुणाच्या लहरीचा नव्हता. लहान घोड्याला तर त्याहून कमीच.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. आपण पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून घालणं, मारणं, अवयव कापणं, जास्त भार लादणं, खाणं-पिणं तोडणं. मुनींचं व्रत निराळं, ते वाहनालाच शिवत नाहीत. पण गृहस्थाला सांगताना आचार्यांनी 'भार' न म्हणता 'अतिभार' म्हटलं. शेतात बैल होते, व्यापाऱ्याच्या गाड्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून माझ्या मते गृहस्थाचा प्रश्न 'बसावं की नाही' एवढाच नाही. 'किती, कुणाच्या पाठीवर, आणि त्याची काळजी कोण घेतं' हा खरा प्रश्न आहे. ज्यांना मुळीच बसायचं नाही त्यांना माझा नमस्कारच आहे. पण न बसणाऱ्यांनी पुढचं वाचावं, कारण ते माझ्याबद्दल आहे आणि कदाचित तुमच्याबद्दलही.

चार वर्षांपूर्वी मी शिखरजीला डोली केली. गुडघे साथ देईनात आणि सत्तावीस किलोमीटरची वंदना. तिथेही काटा होता. पण तो काटा दर ठरवायला. वजन जास्त तर पैसे जास्त. मी माझं वजन दोन किलोने कमी लिहून घ्यायला लावलं आणि वर दोनशे रुपयांसाठी घासाघीस केली. पुढच्या डोलीवाल्याच्या खांद्यावर बांबूने पडलेला घट्टा मला सबंध चढणभर दिसत होता. माझ्या हातात जपमाळ होती. माझा उपवास होता म्हणून कुठे थांबून चहा घेण्याचं मला सुचलं नाही. त्याचा उपवास नव्हता, हे मला परत खाली आल्यावर लक्षात आलं. अतिभार आणि अन्नपाननिरोध, दोन्ही एकाच फेरीत, तेही वंदना करताना! आणि ज्या संभवनाथ भगवंतांचं लांछन घोडा आहे, त्यांच्याही टोंकेवर मी त्याच डोलीतून गेले.

त्या तबेल्यात बसून मला हाच फरक टोचला. तिथे मर्यादा विकत मिळत नव्हती. आपण मात्र पैसे दिले की भार फिटला, असं धरून चालतो. माथेरानला लग्नानंतर घोड्यावर बसलो होतो, तेव्हा वजन कुणी विचारलं नाही आणि खोगीर उचलून पाठ बघावी असं आम्हालाही वाटलं नाही.

डोली बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या माणसांचं घर त्यावर चालतं, आणि थकल्या जिवांना वंदना घडते. पण नियम आपण आपल्यापुरते घालून घेऊ शकतो. वजन खरं सांगायचं. जड असलो तर दोघांऐवजी चौघांची डोली घ्यायची. चढ उभा असेल तिथे जमेल तेवढी पावलं उतरून चालायचं. थांबून त्यांना चहा-नाश्ता द्यायचा, आपला उपवास असला तरी. दरात घासाघीस नाही. घोड्यावर बसायचं असेल तर आधी पाठ बघायची, पाळी किती झाल्या विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर परत फिरायचं.

आणि घरातही. पाहुणे आले की मोलकरणीला "आज जरा चार भांडी जास्त आहेत गं" म्हणताना ती चारच असतात का? तिच्यासाठी काटा कुठे ठेवलाय आपण?

आमचे हे तेव्हापासून रोज सकाळी चालायला जातात. विचारलं तर म्हणतात, "त्या घोड्याचं देणं फेडतोय."

दशलक्षण जवळ आलं आहे. त्या डोलीवाल्याचं नावही मी विचारलं नव्हतं. त्याची क्षमा मागायला आता कुठे जाऊ? म्हणून ती इथे मागते.

जय जिनेंद्र.