पाहुण्यांचें गाऱ्हाणें

अंदमानची सहल करून परतलेल्या जालन्यांतील सुशिक्षित मंडळींच्या तोंडून अलीकडे एक गाऱ्हाणें वारंवार कानीं येतें. वंडूरच्या धक्क्यावर सामान तपासलें, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घेतल्या, पाण्याच्या बाटल्या मोजल्या. आणि एवढा खर्च करून गेल्यावर पंधरांपैकीं एकाच बेटावर नेऊन दिवस मावळण्याच्या आंत परत आणलें! आम्हीं पैसे मोजले ते कशासाठीं, असा ह्या मंडळींचा रोकडा सवाल आहे.

त्याचें उत्तरही तितकेंच रोकडें द्यावें असें आम्हांस वाटतें. तें उद्यान पाहुण्यांसाठीं निर्माण झालेलेंच नाहीं. १९८३ सालीं पंधरा बेटें व भोंवतालचा समुद्र मिळून सुमारें २८१ चौरस किलोमीटरांचें महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, तें प्रवाळें, खारफुटी व कासवें यांच्या रक्षणार्थ. जॉली बॉय व रेड स्किन हीं बेटें ऋतुमानाप्रमाणें आळीपाळीनें दाखवितात, तीं एकीला विसांवा मिळावा म्हणूनच. सह्याद्रींतील देवराईंत शिरतांना आपण वाळलेली काटकीही उचलीत नाहीं. तेथें देवाकडे वाटखर्चाचा हिशेब मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, हें चांगले शिकलेले लोकही पाण्यांत उतरतांच विसरतात. असंख्य इवल्या जीवांनीं चुन्याचीं घरें बांधीत तें उभारलेलें असतें. कित्येक जाती वर्षाकाठीं जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका हौशी टाचेखालीं पंचवीस वर्षांचें काम मोडतें. त्यांतच २०१० सालीं समुद्र तापून अंदमानचीं प्रवाळें मोठ्या प्रमाणावर पांढरीं पडलीं. कायद्यानें तर २००१ पासून त्यांना वाघाच्याच पंक्तीला बसविलें आहे. (आमच्याही कपाटांत वडिलांच्या वेळचा एक तुकडा आहे. पाहुण्यांना तो मिरवून दाखविणें आम्हीं अलीकडेच बंद केलें. तेव्हां सोंवळेपणाचा आव आम्हांला आणतां येत नाहीं.)

बाटली मोजल्याचा संताप तर जालनेकरांना मुळींच शोभत नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलें हें गांव! घाणेवाडीच्या तलावांतला गाळ उपसण्यास येथल्याच नागरिकांनीं पुढाकार घेतला. ज्यांना एका तलावाचें मोल कळलें, त्यांनींच समुद्राच्या कांठीं 'एका बाटलीनें काय होतें?' म्हणावें काय?

यावर कोणी म्हणतील कीं, ग्रेट निकोबारवरील गॅलाथिया उपसागराचें अभयारण्य सरकारनेंच २०२१ सालीं रद्द केलें. २०२२ सालीं तेथें बंदर, विमानतळ व नवी नगरी यांना पर्यावरणाची परवानगी दिली. सुमारें १३० चौरस किलोमीटर वनभूमि त्यापायीं जावयाची आहे. मग झडती आमच्याच पिशवीची कां? आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाहीं. लेदरबॅक जातीचीं प्रचंड कासवें जेथें अंडीं घालावयास येतात, तो किनारा बंदराला देणें आम्हांला अक्षम्य वाटतें. परंतु मग निवेदनें लिहावीं, वर्तमानपत्रांत हाकाटी करावी, खासदारांना जाब विचारावा. सहलीहून आलेल्यांपैकीं कितीजणांनीं ह्यांतलें कांहीं केलें, असें आम्हीं मुद्दाम विचारून पाहिलें. जो तो वंडूरच्या झडतीविषयींच बोलत होता.