शिवचरित्र ही ‘फ्रँचायझी’ नव्हे!

जानेवारी 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. तीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. संभाजीराजे छत्रपतींनी आक्षेप नोंदवला, राज्याच्या मंत्र्यांनी नापसंती दर्शवली, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि ते दृश्य काढून टाकण्यात आले. लेझीम हा तर या मातीतला मर्दानी खेळ. त्यात अवमान नेमका कोणता, हे प्रस्तुत लेखकाला आजही उमगलेले नाही. पण ते असो. 14 फेब्रुवारीला चित्रपट लागला, माणसे सहकुटुंब गेली, डोळे पुसत आणि जयघोष करीत बाहेर पडली. शंभूराजांचे बलिदान नव्या पिढीच्या काळजाला भिडले, याचा आनंद आपणा सर्वांनाच झाला.

प्रश्न त्यापुढचा आहे. काही क्षणांच्या एका नृत्यावर ज्यांनी इतकी बारीक नजर ठेवली, त्यांनी उरलेल्या अडीच तासांपैकी किती भाग कागदपत्रांवर उभा आहे, हे विचारले काय? शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली, दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली आणि विषय तेथेच संपला. संगमेश्वरच्या घटनेत फितुरी झाली का आणि कोणी केली, हा इतिहासकारांमध्ये आजही वादाचा मुद्दा आहे. प्रेक्षकांपुरता मात्र त्याचा निकाल लागून गेला.

पाश्चात्त्य चित्रसृष्टीत ‘फ्रँचायझी’ नावाचा एक प्रकार आहे. एक नायक, त्याचे अनेक चित्रपट, मध्येच नट बदलणे, कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे आणि या प्रत्येक फेरबदलावर हिरिरीने वाद घालणारे चाहते. 2002 ते 2017 या अवघ्या पंधरा वर्षांत ‘स्पायडर-मॅन’च्या चित्रमालिकांनी तीन नायक पाहिले. जॉर्ज लुकास यांनी 1997 मध्ये स्वतःच्याच ‘स्टार वॉर्स’मध्ये आधी गोळी कोण झाडतो एवढे बदलले, तर त्यांचे भक्त त्यांच्यावर कायमचे रुसले. ही सारी करमणूक आहे. कोळ्याचा पोशाख घातलेला तो तरुण कधी जन्मलाच नाही. त्याच्या मालकांनी त्याला तीनदा जन्म द्यावा वा तेरा वेळा. आपली अडचण अशी की, आपण हीच सवय रायगडावर नेऊ लागलो आहोत.

मराठीत अशी मालिका प्रत्यक्षात उभी राहिली आहे आणि ती उभी करणाऱ्या दिग्पाल लांजेकर यांचे श्रम मोलाचे आहेत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ‘फर्जंद’ 2018 मध्ये आला, ‘फत्तेशिकस्त’ 2019 मध्ये, ‘पावनखिंड’ व ‘शेर शिवराज’ 2022 मध्ये, ‘सुभेदार’ 2023 मध्ये. मराठी प्रेक्षकाने त्यांना भरभरून दाद दिली. पण हा क्रम इतिहासाच्या तराजूत घालून पाहा. ‘फर्जंद’ची कथा 1673 च्या पन्हाळ्याची, ‘फत्तेशिकस्त’ची 1663 च्या लाल महालाची, ‘पावनखिंड’ची 1660 ची आणि अफझलखानाच्या वधाची 1659 ची. म्हणजे चौथ्या चित्रपटापर्यंत काळ उलटा चालतो आणि पाचव्यात एकदम 1670 च्या सिंहगडावर उडी घेतो. खिंडीत बाजीप्रभू म्हणून देह ठेवणारे अजय पूरकर पुढच्याच वर्षी तानाजी म्हणून कडा चढतात. निर्मात्याला पैसा जसा मिळेल तसे चित्रपट होणार, हे समजण्यासारखे आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या मनात कोणता इतिहास रचला जातो, याचा विचार घरातील मोठ्यांनी करायला नको काय? चित्रपटगृहातून घरी येताना वाटेत सनावळीचे चार शब्द बोलायला किती वेळ लागतो?

त्याऐवजी आपल्यातील काहींनी कशात शक्ती खर्च केली? या मालिकेत महाराजांची भूमिका करणारे चिन्मय मांडलेकर यांच्या लहान मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर त्यांच्या कुटुंबाची निर्भर्त्सना झाली आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांनी ही भूमिका यापुढे न करण्याचे जाहीर केले. हे करणारे स्वतःला शिवभक्त म्हणवत होते. नटाच्या घरातला पाळणा तपासणाऱ्या या भक्तीला शिवचरित्रात आधार कुठे सापडतो, हे त्यांनीच सांगावे.

महाराजांच्या चित्रपटांत फेरफार करण्याची पहिली मोठी घटना परकीय सत्तेच्या हातून घडली. 1930 च्या सुमारास ‘प्रभात’ने ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट तयार केला. महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम. ‘स्वराज्य’ हा शब्दच ब्रिटिशांच्या परिनिरीक्षण मंडळाला खुपला. कापाकापी झाली, नाव बदलले आणि चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून झळकला. त्या काळच्या प्रेक्षकाला ठाऊक होते की, कात्री कोणाची आहे आणि कशासाठी चालली आहे. आजची कात्री गुळगुळीत आहे; ती कधी कुणाच्या धमकीने चालते, कधी तिकीटबारीच्या हिशेबाने.

मग इतिहासकथेत कधीच बदल करू नये काय? हा प्रश्न शंभूराजांच्याच बाबतीत शिकण्याजोगा आहे. आज आपण ज्या धर्मवीर, पराक्रमी, विद्वान राजाला वंदन करतो, तो शतकभरापूर्वीच्या मराठी रंगभूमीवर नव्हता. बखरींच्या आधारावर वाढलेल्या नाटककारांनी त्यांना विलासी आणि व्यसनी रंगवले. राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्यातलेच. 1941 मध्ये भालजी पेंढारकरांसारख्या कडव्या शिवभक्ताने ‘थोरातांची कमळा’ काढला, तोही शंभूराजांविषयीच्या एका प्रेमकथेवरच. भालजींच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची या साप्ताहिकाच्या वाचकाला गरज नाही. हाताशी असलेले साहित्यच तसे होते.

हे चित्र पालटले ते वा. सी. बेंद्रे यांनी. जवळजवळ चार दशके या माणसाने दफ्तरे उपसली, परकीयांचे पत्रव्यवहार पाहिले, सनावळ्या जुळवल्या आणि 1960 मध्ये ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ सिद्ध केला. वढूच्या समाधीचा शोधही त्यांच्याच नावावर आहे. त्याआधी, भलत्याच एका इब्राहिमखानाचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून घरोघर पूजले जात होते. बेंद्र्यांनी मॅकेंझी संग्रहातील कागदांच्या आधारे खरे चित्र शोधून 1933 मध्ये प्रसिद्ध केले. विचार करा, भिंतीवरच्या तसबिरीला रोज हात जोडणाऱ्या समाजाला ‘हे ते नव्हेत’ असे सांगायला केवढे धैर्य लागले असेल! पण पुरावा समोर आला आणि समाजाने तसबीर बदलली. कुणाचा पुतळा उखडावा लागला नाही. पुढे डॉ. कमल गोखले यांनी हे संशोधन नेटाने चालवले, आणि शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी 1979 मध्ये आली ती या पायावर. आजचा चित्रपट त्या कादंबरीवर बेतलेला आहे. म्हणजे संशोधन, त्यावर कादंबरी, त्यावर चित्रपट. तिसऱ्या मजल्यावर उभे राहून ‘हाच इतिहास’ अशी आरोळी ठोकणाऱ्याने निदान जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या असाव्यात.

दुसरा मार्ग 3 जानेवारी 2017 रोजी पुण्याने पाहिला. संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून उखडून मुठेत फेकण्यात आला. कारण काय, तर ‘राजसंन्यास’. गडकरी गेले 23 जानेवारी 1919 रोजी, आपल्या नागपूरजवळच्या सावनेरला, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. बेंद्र्यांचा ग्रंथ त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी आला. जे पुस्तक लिहिलेच गेले नव्हते ते न वाचल्याबद्दल एका मृत कवीला शिक्षा देणारे हे वीर! त्यांच्यापैकी किती जणांनी बेंद्रे उघडून पाहिला असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू. 2020 च्या जानेवारीत ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला. ‘लोकमान्य’ काढणारा मराठी दिग्दर्शक, भगवा झेंडा, हिंदीच्या भव्य पडद्यावर मावळे. आपण हरखून गेलो. त्यात ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर चढवली जाते. ती कुठल्या कागदात आहे? उदयभान राठोडाला एक प्रेमभंगाची कहाणी जोडली आहे. ती कोणत्या बखरीतून आली? जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासद बखरीत कडा चढून जाणारे मावळे आहेत. ना तोफ, ना राजकन्या. सैफ अली खान यांनी एका मुलाखतीत हा इतिहास नव्हे असे सांगितले, तेव्हा आपण त्यांच्यावर तुटून पडलो. त्याच मुलाखतीत इंग्रजांपूर्वीच्या भारताविषयी ते जे बोलले ते निखालस अज्ञानाचे होते आणि त्याचा समाचार घेणे योग्यच होते. पण चित्रपटाबद्दल ते खरे बोलले, आणि राग आला तो बहुधा त्याचाच.

त्याची किंमत आपण तीन वर्षांनी मोजली. जून 2023 मध्ये त्याच दिग्दर्शकाचा ‘आदिपुरुष’ आला. प्रत्येक चित्रपटगृहात हनुमंतासाठी एक आसन रिकामे ठेवण्याची घोषणा झाली आणि पडद्यावरच्या हनुमंताच्या तोंडी मात्र गल्लीतल्या टपोऱ्याची भाषा आली. घराघरांतून असा काही संताप व्यक्त झाला की, प्रदर्शनानंतर काही दिवसांतच संवाद बदलण्याची नामुष्की निर्मात्यांवर ओढवली. आपण म्हणालो, ‘असे कसे केले?’ अहो, झेंडा आपला असला की काहीही खपते, हा धडा 2020 मध्ये त्यांना शिकवला कोणी? तोफ चालली, प्रेमकथा चालली, मग लंकेत काय अडले असते?

बाजीप्रभूंच्या वाट्याला तर 2022 या एकाच वर्षी दोन चित्रपट आले. ‘हर हर महादेव’वर इतिहासाची मोडतोड केल्याचा आरोप झाला आणि ठाण्यात त्याचा खेळ बंद पाडण्यात आला. खेळ बंद पाडणारे राजकीय हिशेबाने आले होते, हे उघड आहे. पण त्यांच्या विरोधात उभे राहताना आपल्या बाजूने आक्षेपांना साधार उत्तर दिले गेले काय? ‘त्यांनी विरोध केला ना, मग चित्रपट चांगलाच असणार’ एवढेच आपले परीक्षण. पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी प्रत्येक ऐतिहासिक चित्रपटाला प्रचारपट म्हणायचे आणि आपण त्यातल्या प्रत्येकाला इतिहास म्हणायचे, या झटापटीत बाजीप्रभूंचे काय झाले, हे पाहायला कोणी थांबतच नाही.

‘शाहिरांनी नाही का कल्पना केली?’ असे विचारले जाते. केली. तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपड आहे आणि ती असल्याने पोवाड्याचे काही बिघडत नाही. डफ वाजू लागला की, ऐकणाऱ्याला कळते आता कवन सुरू झाले. चित्रपट मात्र पडद्यावर तारीख-वार लिहितो, गडाचा नकाशा दाखवतो, पुराव्याचा आव आणतो आणि पकडले की ‘कलास्वातंत्र्य’ म्हणतो. सिंहगड हे नाव तानाजींच्या बलिदानापूर्वीच्या पत्रात आढळते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावावर वाढलेल्या आपल्या पिढीला ते पचवणे जड जाते. पण त्याने तानाजींचे शौर्य तसूभर तरी कमी होते काय?

आणि हे सारे केवळ करमणुकीपुरते आहे, असे नागपूरकराने तरी म्हणू नये. 17 मार्च 2025 च्या रात्री आपल्या महाल परिसरात जे घडले ते आपण पाहिले. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन करताना ‘छावा’मुळे लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचा उल्लेख केला. दोष चित्रपटाचा होता असे कोणी म्हणत नाही. पण ज्या चित्राची धग रस्त्यापर्यंत पोहोचते, त्यातली प्रत्येक चौकट खरी की रचलेली, हे विचारणे म्हणजे रसभंग करणे नव्हे.

मागणी साधी आहे आणि ती निर्मात्यांकडे करायला कोणत्याही सरकारी हुकमाची गरज नाही. चित्रपटाच्या प्रारंभी झर्रकन सरकणाऱ्या अक्षरांत ‘काही प्रसंग काल्पनिक’ असे लिहून सुटका करून घेण्याऐवजी एक पुस्तिका काढावी: अमुक प्रसंग सभासदाचा, अमुक फारसी पत्रातला, अमुक पोवाड्यातला, अमुक आमच्या लेखकाच्या डोक्यातला. शंभर कोटींच्या चित्रपटाला सोळा पानांचा खर्च जड नाही. आणि आपल्या शाखांतून, वाचनालयांतून, सोसायटीच्या सभागृहांतून चित्रपटाची तिकिटे एकगठ्ठा काढली जातात, तेव्हा त्याच आठवड्यात बेंद्रे किंवा गोखले यांच्या एखाद्या प्रकरणाचे वाचन ठेवावे. या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ही कपाटातून काढावा. रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सोडवून आणली. तिच्या स्वागताला गर्दी झाली. रघुजींच्या बंगालच्या स्वाऱ्यांकडे रजतपटाचे लक्ष अजून फारसे गेलेले नाही. ते कधी ना कधी जाईलच, आणि तेव्हा कटकला नसलेली तोफ उभी राहिली तर ती ओळखण्याइतके तरी काळे आपल्याला वाचून ठेवायला हवेत.