मुक्तीनंतरचे वीस दिवस



दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरला झेंडावंदन होते, मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणे होतात. शाळेत असताना मीही ती केली. एम.एस.डब्ल्यू. होऊन बचतगटांच्या कामाला लागले, तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका गावात बैठक संपल्यावर एका म्हाताऱ्या मुस्लिम बाईने मला बुजवलेली विहीर दाखवली. पोलीस ॲक्शनच्या वेळी तिची मावशी त्या विहिरीत गेली, एवढेच ती बोलली. माझ्या भाषणांत ही विहीर कधी आली नव्हती.

एखाद्या राज्यात जुलूम चालला असेल तर बाहेरच्यांनी आत शिरावे, की त्या राज्याचे सार्वभौमत्व मानावे? १९९९ मध्ये कोसोव्होच्या निमित्ताने हा वाद जगभर झाला. आपल्या दारात तो १९४८ मध्येच येऊन गेला होता. कासिम रझवीचे रझाकार गावे लुटत, जाळत होते, बायकांवर अत्याचार करीत होते. निजाम सरकारने स्वतःला सार्वभौम म्हणवत सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले. सरकारने त्याला नाव दिले 'पोलीस कारवाई'. म्हणजे हा आमचा अंतर्गत मामला!

'घरातला मामला' हे शब्द आपण किती वेळा ऐकलेत! मार खाणाऱ्या बाईची तक्रार घेऊन गेलो की हेच ऐकवले जाते. म्हणून सार्वभौमत्वाच्या नावाने दार लावून घेणे मला मान्य नाही. रझाकारांना आवरणे गरजेचेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण दार तोडून एका बाईला सोडवले, तर त्याच घरातली दुसरी बाई आपण जमावाच्या हाती सोडून येतो का? १९४८ मध्ये तेच झाले. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. बलात्कार, पळवून नेलेल्या बायका, विहिरी, सारे त्या अहवालात आहे. काही ठिकाणी सैनिक-पोलीसही सामील होते, हेही आहे. आणि शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही आहेत. हा अहवाल दडवला गेला. तो लोकांपुढे यायला २०१३ उजाडले.

रझाकारांनी छळलेली बाई आणि त्यानंतर विहिरीत गेलेली बाई, या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करण्याचे राजकारण आज जोरात आहे. आपण त्यात पडायचे नाही. हस्तक्षेप न्याय्य होता की नाही हे सैन्य किती दिवसांत जिंकले यावरून ठरत नाही. जिंकल्यानंतर सर्वांत दुबळ्या बाईला कोणी राखले, यावरून ठरते.

त्या दिवसांच्या साक्षीदार बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत. आपापल्या गावात, दोन्ही मोहल्ल्यांत जाऊन, त्यांची तयारी असेल तर त्यांचे ऐकू या, नाव न उघड करता लिहून ठेवू या. पुढच्या १७ सप्टेंबरला भाषण करायची पाळी आपल्यावर आली, तर त्या विहिरीचाही उल्लेख करू या.