बॅटरी बदलली, चार्जरचे काय?

पाठीवरच्या फवारणी पंपात आणि सौर प्रकाश सापळ्यात शिसे-आम्ल बॅटरीची जागा आता लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेऊ लागली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलेले हे रसायन उष्णतेत तुलनेने स्थिर, दीर्घायुषी आणि वजनाला हलके आहे. सोळा लिटर द्रावण पाठीवर घेऊन दिवसभर कपाशीत चालणाऱ्या माणसाच्या खांद्यांना दोन किलोंचा फरकही कळतो. मात्र बॅटरी बदलताना चार्जर बहुधा जुनाच राहतो, किंवा बाजारात हाती येईल तो जोडला जातो. कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही बाब वाटते तितकी क्षुल्लक नाही.

गोंधळाचे मूळ ‘बारा व्होल्ट’ या शब्दांत आहे. या बॅटरीत प्रत्येकी ३.२ व्होल्टचे चार सेल एका ओळीत जोडलेले असतात; म्हणजे तिचा नाममात्र दाब १२.८ व्होल्ट. पूर्ण भरताना प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टपर्यंत न्यावा लागतो, म्हणून योग्य चार्जरवर १४.६ व्होल्ट असे लिहिलेले असते. १४.२ ते १४.४ व्होल्टवर थांबणारा चार्जरही चालतो. क्षमता फारशी घटत नाही आणि सेलवरील ताण कमी होतो. परंतु त्याच दुकानात, त्याच आकाराच्या पिनेचा १२.६ व्होल्टचा चार्जरही मिळतो. तो तीन सेलच्या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीसाठी असतो. तो या बॅटरीला लावल्यास प्रत्येक सेलला जेमतेम ३.१५ व्होल्ट मिळतात. हिरवा दिवा लागतो, पण बॅटरी जवळजवळ रिकामीच राहते. याउलट १६.८ व्होल्टचा चार्जर सेलला ४.२ व्होल्टपर्यंत ढकलू पाहतो आणि सारी भिस्त आतील संरक्षक मंडलावर येते.

हे मंडल आहे म्हणून कोणताही चार्जर चालेल, असा युक्तिवाद विक्रेते हमखास करतात. तो मान्य करता येत नाही. संरक्षक मंडल हे अपघातासाठीचे कुंपण आहे. चार्जिंग थांबवण्याचे रोजचे काम त्याच्याकडे सोपवणे म्हणजे फ्यूज हा बटण म्हणून वापरण्यासारखे आहे. काही शिसे-आम्ल चार्जर प्लेटांवरील सल्फेट काढण्यासाठी १५ व्होल्टच्या वर स्पंद देतात; या बॅटरीत सल्फेट नाही, त्यामुळे त्या स्पंदांचा उपयोग शून्य आणि अपाय मात्र संभवतो. पूर्ण भरल्यावर तरंगता दाब देत राहण्याचीही तिला गरज नसते.

आता शेतातील परिणाम. शिसे-आम्ल बॅटरी उतरू लागली की पंपाचा दाब हळूहळू कमी होतो आणि फवारणाऱ्याला ते कळते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब अखेरपर्यंत जवळपास सपाट राहतो, मग मंडल एकदम पुरवठा तोडते. अर्धवट भरलेली बॅटरी म्हणूनच पूर्वसूचना न देता ऐन शेतात थांबते. टाकीत कालवलेले कीटकनाशक तसेच राहते. ते दुसऱ्या दिवशी वापरले जाते किंवा बांधावर ओतले जाते, आणि दोन्ही गोष्टी अयोग्यच. उरलेल्या ओळींवरील किडी तोवर खात राहतात.

प्रकाश सापळ्याच्या बाबतीत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. गुलाबी बोंडअळीचा निकष, सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात ८ पतंग, हा विजेवर अवलंबून नाही. भाताच्या खोडकिडीचे किंवा तुडतुड्यांचे प्रकाश सापळ्यातील आकडे मात्र दिवा किती वेळ जळला यावर अवलंबून असतात. हुमणीचे भुंगेरे सांजावताच बाहेर पडतात, अनेक पतंग उशिरा उडतात. मित्रकीटक वाचावेत म्हणून दिवा ठरावीक वेळीच मुद्दाम बंद करणे योग्य आहे. पण बॅटरी संपल्याने तो रोज वेगळ्या वेळी विझत असेल, तर नोंदवहीतील घट ही किडीची की बॅटरीची, हे सांगता येत नाही. अशा आकड्यांवर फवारणीचा सल्ला देणे धोक्याचे आहे.

सौर सापळ्यात चार्जरचे काम नियंत्रक करतो, आणि तेथे एक छुपी अडचण असते. शिसे-आम्लासाठी बनवलेला नियंत्रक तापमानानुसार दाब बदलतो: थंडीत दर अंशाला प्रत्येक सेलमागे सुमारे ३ मिलिव्होल्ट वाढवतो. सहा सेलच्या हिशेबाने ५ अंश सेल्सिअसला १४.४ चे सुमारे १४.७६ व्होल्ट होतात. लिथियमसाठी ही भरपाई बंद असायला हवी. हिमाचल किंवा काश्मीरमधील बागांत याहून मोठा मुद्दा आहे: शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये, कारण ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून कायमची हानी होते. त्या भागासाठी कमी तापमानात चार्जिंग रोखणारे मंडल मागूनच घ्यावे.

प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. बारा अँपिअर-तासांच्या बॅटरीला २ अँपिअरचा चार्जर सहा-सात तास घेतो. ज्या गावात वीज रात्री काही तासच असते तेथे ५ अँपिअरचा बरा, मात्र तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असावा. बॅटरी भरली की नाही हे केवळ व्होल्टमीटरने ठरवू नये. निम्मी आणि जवळजवळ पूर्ण भरलेली यांत व्होल्टच्या एखाद-दुसऱ्या दशांशाचाच फरक दिसतो.

संशोधन केंद्रे, कृषी विज्ञान केंद्रे आणि अनुदान योजनांच्या खरेदीत ‘१२ व्होल्ट बॅटरी, चार्जरसह’ एवढेच लिहिणे आता पुरेसे नाही. रसायन, सेलची संख्या, चार्जिंगचा अंतिम दाब, प्रवाह आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी हे सारे विनिर्देशात यावे. चार्जरवर बॅटरीचे नाव मराठीत, हिंदीत किंवा त्या त्या राज्याच्या भाषेत ठळक छापलेले असावे. हंगाम संपल्यावर काय करायचे, हेही त्याच कागदावर हवे. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून ठेवायची असते. ही बॅटरी मात्र निम्मी भरून, चार्जर काढून, पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीपासून दूर ठेवायची असते.